वीस मिनिटं आणि एक चिंचोका

(मार्च १९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात २८ डिसेंबर २०२५ रोजी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट लिहून काढलं आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘नवीन वर्षाचा संकल्प’. हे जेवणाआधीचं शेवटचं भाषण आहे हेही त्यांनी दोनदा बजावलंय. मागच्या बाजूनं मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा मी वेळ पाळणार आहे.

आपल्याकडे पूजेत संकल्प ‘सोडतात’. नवीन वर्षाचा संकल्पही आपण सोडतोच, फक्त जरा वेगळ्या अर्थानं, आणि बहुतेक वेळा संक्रांतीच्या आत. कुणी पहाटे चालायला जायचं ठरवतं, कुणी साखर बंद करतं. आपल्या ग्रुपवर गेल्या जानेवारीत एकानं ‘आजपासून फॉरवर्ड बंद’ असं जाहीर केलं होतं आणि त्याच संध्याकाळी त्यानं सुप्रभातचं फूल पाठवलं होतं. नाव घेत नाही. तो हसतोय, म्हणजे कळलंच सगळ्यांना.

मी बोलणार आहे ते वाचनाच्या संकल्पाबद्दल. मी काही साहित्यिक नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे नऊ-दहा तास मी वाचतच असते, पण ते सगळं पडद्यावरचं: कोड, मेल, चॅट, कुणाच्या तरी तक्रारीचं तिकीट. संध्याकाळी डोळे चुरचुरतात आणि दिवसभरात काय वाचलं असं कुणी विचारलं, तर सांगण्यासारखं एक वाक्यही नसतं. तुमच्यापैकी बँकेत, शाळेत, दवाखान्यात, दुकानात असलेल्यांचंही थोड्याफार फरकानं हेच असेल.

आमच्या ऑफिसात दर जानेवारीला वाचनाचं आव्हान स्वीकारायची एक टूम असते. गुडरीड्स नावाच्या साइटवर २०११ पासून हा प्रकार चालतो. वर्षात किती पुस्तकं वाचणार तो आकडा आधी टाकायचा, मग एकेक पुस्तक संपेल तशी पट्टी पुढं सरकते. मागं पडलात तर ‘तुम्ही इतक्या पुस्तकांनी मागे आहात’ असं ते सांगतं. आमच्यातला एक तरुण मुलगा दर वर्षी पन्नासचा आकडा टाकतो. हुशार आहे, मनापासून वाचतो. पण नोव्हेंबर उजाडला की तो पातळ पुस्तकं शोधायला लागतो. मागच्या वर्षी एक जाडजूड कादंबरी त्यानं निम्म्यावर ठेवून दिली, कारण तेवढ्या वेळात चार छोटी पुस्तकं होत होती.

आम्हा इंजिनिअर लोकांना या गोष्टीचं नवल वाटत नाही. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या एका ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये एक निरीक्षण मांडलं, ते आता त्याच्या नावानंच ओळखलं जातं. त्याचा मथितार्थ असा, की एखादं माप हेच ध्येय करून टाकलं की ते माप कामाचं राहत नाही. प्रोग्रामरचं काम त्यानं लिहिलेल्या ओळींवर मोजा, तो एका ओळीचं काम दहा ओळींत करील. चुका शोधणाऱ्याला चुकांच्या संख्येवर शाबासकी द्या, तो एकच चूक पाच वेळा नोंदवील. सरांना हे आमच्याआधीच माहीत होतं. निबंधाला ‘तीनशे शब्द’ असं सांगितलं की आम्ही ‘अतिशय’ आणि ‘खरोखरच’ किती वेळा लिहायचो, ते त्यांनी वर्षानुवर्षं तपासलंय.

म्हणून मी स्वतःसाठी आव्हान घ्यायचं ठरवलं तेव्हा पुस्तकांची संख्या त्यातून पहिल्यांदा काढून टाकली. पुस्तकांऐवजी वेळ मोजायचा ठरवला. का, ते सांगते.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्या आईला ओळखता. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आमच्या घरी येऊन तुम्ही तिच्या हातचे पोहे खाल्ले आहेत. तिच्या हातात सतत पुस्तक असायचं हेही तुम्हाला आठवत असेल. एसटी स्टँडमागच्या वाचनालयात ती दर बुधवारी जायची. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तिची दोन पानं होत. अशी पन्नास वर्षं ती वाचत आली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. या आजारात पडद्याचा मधला भाग निकामी होत जातो. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. ती घरात एकटी फिरते, चहा करते, कोण आलं ते आवाजावरून आणि चालीवरून ओळखते. पण ज्या शब्दावर नजर ठेवावी तोच पुसला जातो. चष्म्याचा नंबर बदलून काही होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भिंग आणलं, मोठ्या टाइपातली पुस्तकं आणली. एका ओळीला इतका वेळ लागायचा की शेवटाला येईतो सुरुवात हरवायची. मग तिनं वाचनालयाची वर्गणी बंद करायला सांगितली. रडली वगैरे नाही. “उगीच कशाला पैसे भरायचे,” एवढंच म्हणाली. पण त्यानंतर फोनवर तिचं बोलणं कमी झालं. जेवलीस का, पाऊस आहे का, ठेवते. वाचणारं माणूस बोलतं ते वाचलेल्यातून बोलतं. ती विहीर आटत चालली होती आणि ते मला पुण्यात बसून ऐकू येत होतं.

मी गेल्या डिसेंबरात ठरवलं ते असं. रोज रात्री नऊ वाजता आईला फोन करायचा आणि वीस मिनिटं वाचून दाखवायचं. वर्षात तीनशे रात्री. ३६५ म्हटलं असतं तर पहिला खाडा पडल्याबरोबर सगळंच बारगळलं असतं. आमच्याकडे यंत्रणा शंभर टक्के चालू राहील असं आश्वासन कुणी शहाणा माणूस देत नाही. लग्नं, ताप, ऑफिसातली रात्रपाळी, गेलेलं नेटवर्क यांच्यासाठी पासष्ट दिवस मोकळे ठेवले. पुस्तक आई निवडणार. कंटाळा आला तर मध्येच सोडायची तिला मुभा.

आईनं तिच्या बाजूनं एक नियम घातला. “तू लिहून ठेवशील, मला कसं कळणार किती झालं ते?” म्हणून तिनं जुनी लोणच्याची बरणी काढली आणि वहिनीकडून मूठभर चिंचोके मागून घेतले. एक रात्र झाली की एक चिंचोका बरणीत. बोटांना मोजता येईल असा हिशोब.

पहिलं पुस्तक तिनं सांगितलं ते व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’. १९५५ ची ही छोटी कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक पोरसवदा मास्तर येतो आणि एकशिक्षकी शाळा चालवायचा प्रयत्न करतो. सर, तुम्ही आम्हाला तुमच्या पहिल्या नेमणुकीच्या गावची गोष्ट सांगायचात, पावसात ओढा ओलांडून शाळेत जायची. मला वाचताना सारखी तीच आठवत होती. वीस मिनिटांत मोठ्यानं जेमतेम आठ पानं होतात. मनातल्या मनात वाचताना मी याच्या दुप्पट-तिप्पट वेगानं गेले असते आणि अर्धं गाळलं असतं. मोठ्यानं वाचताना काहीच गाळता येत नाही. मेंढरांचा वास, कोरडा वारा, माणसांची थांबत थांबत बोलायची रीत हे सगळं तोंडातून जावंच लागतं. पुस्तकात दुष्काळ पडला आणि वस्ती उठायला लागली, त्या रात्री आईनं मला १९७२ चा दुष्काळ सांगितला. खडी फोडायच्या कामावर तिची स्वतःची मावशी जात होती. पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकली.

फेब्रुवारीत आम्ही ‘श्यामची आई’ घेतलं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याचे भाग ‘रात्रीं’चे आहेत, एकूण बेचाळीस. म्हणजे हे पुस्तक मुळात रात्री ऐकायचंच आहे. रोज एक रात्र, अशा बेचाळीस रात्री आम्ही घेतल्या. लहानपणी आपण सगळ्यांनी ते वाचलं आणि रडलो. आता वाचताना मला श्यामच्या आईचं वय जाणवलं. ती माझ्याहून लहान होती. शेवटच्या काही रात्री मला वाचायला जड जाणार हे आईला ठाऊक होतं. मी थांबले की ती पलीकडून नुसतं “हं” म्हणायची, म्हणजे पुढं वाच. संपल्यावर बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “पोरांना आई कशी असावी ते कळलं. पण त्या बाईला काय हवं होतं, ते तिला कुणीच विचारलं नाही बघ.” मी पुस्तक मिटलं आणि तिला विचारलं, “तुला काय हवंय?” ती म्हणाली, “उद्या काहीतरी मारामारीचं वाच.”

म्हणून मग आम्ही गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वाचला. वरसईचे हे विष्णुभट गोडसे यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघाले ते नेमके १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. हे पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये, घटनेनंतर पन्नास वर्षांनी. घरचं कर्ज फेडायला निघालेला एक साधा भिक्षुक इतिहासाच्या मध्यभागी उभा राहतो आणि जे दिसलं ते सांगतो. आईला हे फार आवडलं. रोज नऊला पाच मिनिटं कमी असतानाच तिचा मिस्ड कॉल यायला लागला.

या पुस्तकाच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. आमच्या सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती बाहेर पडायची होती आणि सलग दहा दिवस मी रात्री अकराच्या आत मोकळी होणार नव्हते. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, इंग्रजी शाळेत जातो. घरी मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. मी त्याला म्हटलं, आजीला तू वाचून दाखव. त्यानं तोंड वाकडं केलं, पण बसला. पहिल्या रात्री वीस मिनिटांत दोन पानं. ‘चाक’, ‘चोर’, ‘जहाज’ हे शब्द तो हिंदीतल्यासारखे वाचायचा. आपल्या मराठीत च आणि ज यांचे दोन दोन उच्चार आहेत. ‘चार’मधला च वेगळा, ‘चाका’तला वेगळा. लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. हे कानानंच शिकावं लागतं. आई त्याला अडवायची, “चाकातला च, बाळा.” एका रात्री त्यानं मला तक्रारीच्या सुरात विचारलं, “तुमच्या भाषेला दोन च लागतात तर लिहिता कशाला एकच?” ‘तुमच्या भाषेला’ हे ऐकून मी जरा दचकले. मे महिन्यात त्यानं तीच तक्रार पुन्हा केली, तेव्हा शब्द होते ‘आपल्यात’. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यानं तो शब्द परत घेतला असता.

पुढची यादी भरभर सांगते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुरी करायला दोन महिने लागले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं लिहिलेलं हे आत्मचरित्र, आणि त्यात दुःखाच्या प्रसंगीही ती हसवते. आई इतकी हसायची की मला थांबावं लागायचं. मग इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’. १९६७ चं पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गांधारी आणि कुंती यांच्यावरून आमचं दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते चांगलं चार दिवस टिकलं. एक रहस्यकथा झाली, ती आईनं दुसऱ्या रात्रीच ओळखली. दोन कथासंग्रह झाले. दिवाळीत एक दिवाळी अंक वाचला, जाहिरातींसकट, तिच्या आग्रहानं. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे. आमच्या घरात मात्र ती दोन वर्षं तुटली होती.

आणि एक पुस्तक अजून चालू आहे. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, १९५६ चं. त्यात बारा लेख आहेत, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, दर महिन्याच्या निसर्गावर एक. ते सलग वाचायचं नाही असं आम्ही ठरवलं. गुढीपाडव्याला चैत्राचा लेख वाचला, मग ज्या त्या महिन्यात जो तो. आई खिडकीशी बसून ऐकायची आणि अंगणातल्या आंब्याचं, शेवग्याचं काय चाललंय ते मला सांगायची. झाडाचा मोहर तिला स्वच्छ दिसत नाही, पण वास येतो. आता पौष चालू आहे. माघ आणि फाल्गुन बाकी आहेत. म्हणजे आमचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतच नाही.

आता हिशोब. हा मेळावा आहे म्हणून मी काल गावी आले आणि आम्ही बरणी उपडी केली. माझ्या वहीत २७१ रात्री होत्या. आईचे चिंचोके भरले २७४. मी पुन्हा मोजले. २७४. दोन नोंदी जुळत नाहीत म्हटल्यावर माझ्यातला इंजिनिअर स्वस्थ बसेना. मी आईला म्हटलं, तुझे तीन जास्त पडलेत. ती म्हणाली, “माझे बरोबर आहेत. तीन दिवस त्यानं तुला न सांगता फोन केला होता.”

तेव्हा तीनशेचं ध्येय पुरं होणार नाही. चार दिवसांत सव्वीस रात्री बसत नाहीत. आणि त्या तीन चिंचोक्यांनंतर मला तीनशेचं काही वाटेनासं झालंय.

हे सगळं तुम्हाला का सांगितलं? कारण मला तुमच्यापुढे एक प्रस्ताव ठेवायचाय, आणि त्याची मूळ कल्पना या शाळेतली आहे.

आपलं वाचनालय आठवा. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारची दोन काचेची कपाटं, त्यांना पितळी कुलूप. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर, त्यामुळे बाहेरून सगळी सारखीच. शनिवारी शेवटच्या तासाला कपाट उघडायचं. आणि बाई, तुमचा तो नियम! पुस्तक परत देताना दोन वाक्यं बोलायची. पहिलं वाक्य, पुस्तकात काय आहे. दुसरं, हे पुस्तक वर्गातल्या कुणाला द्यावंसं वाटतं. पहिलं वाक्य पाठ करून येता यायचं. दुसऱ्यासाठी पुस्तकही वाचावं लागायचं आणि वर्गातल्या मुलांकडेही बघावं लागायचं. कोण हळवा आहे, कोणाला जनावरं आवडतात, कोणाचे वडील फौजेत आहेत. सातवीत कुणीतरी माझं नाव घेतलं म्हणून शास्त्रज्ञांच्या चरित्रांचं पुस्तक माझ्या हातात पडलं. मी इंजिनिअर झाले त्यात त्या दुसऱ्या वाक्याचा हात आहे.

पुढे मला कळलं, की ग्रंथालयशास्त्रात याला मोठा आधार आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. हे गृहस्थ मूळचे गणिताचे प्राध्यापक, म्हणून मला जास्तच जवळचे. त्यांतला दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. बाईंनी हे दोन्ही नियम एका वाक्यात बसवले होते आणि आम्हाला ते शास्त्र आहे असा पत्ताही लागू दिला नाही.

वाचून दाखवण्यालाही मोठी परंपरा आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी ऐकून उतरवून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक होऊ शकलं. तिकडे अर्जेंटिनात बोर्हेस हा लेखक १९५५ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला, तेव्हा त्याला वाचण्यापुरतंही दिसत नव्हतं. त्याची म्हातारी आई त्याला वाचून दाखवायची. आमच्याकडे उलटं आहे एवढंच.

तर माझा प्रस्ताव. ज्यांना जमेल त्यांनीच घ्यावा, हजेरी घेणार नाही.

एक. पुस्तकांचा आकडा ठरवायचा नाही, वेळ ठरवायचा. रोज वीस मिनिटं जास्त वाटत असतील तर दहा. मनातल्या मनात वाचलं तर दहा मिनिटांत चार-पाच पानं सहज होतात. वर्षातले तीनशे दिवस धरले तरी बाराशे पानांच्या वर जातात. म्हणजे दोनशे पानांची सहा पुस्तकं, आणि तीही कुठलं मोठं काम बाजूला न ठेवता.

दोन. आधीच ठरवून काही दिवस मोकळे सोडायचे. खाडा पडला म्हणून व्रत मोडलं असं मानायचं नाही.

तीन. न आवडलेलं पुस्तक बिनदिक्कत सोडून द्यायचं. आता परीक्षा नाही. सर, हे तुमच्यासमोर बोलायला मला तीस वर्षं लागली.

चार. वर्षातलं निदान एक पुस्तक कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. आई, वडील, सासू, नातू, शेजारचे आजोबा, कुणीही. आपल्या वयाच्या प्रत्येकाच्या आसपास असं एक माणूस आहे, ज्याचे डोळे थकलेत किंवा ज्याच्याशी बोलायचे विषय संपलेत. काय बोलायचं हा प्रश्न पुस्तक सोडवतं.

पाच. आपल्या ग्रुपवर महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकानं दोनच वाक्यं टाकायची, बाईंच्या नियमाप्रमाणे. पुस्तकात काय आहे, आणि ते आपल्यापैकी कुणाला द्यावंसं वाटतं. नाव घेऊन सांगायचं. तीस वर्षांत आपण एकमेकांचे वाढदिवस लक्षात ठेवायला शिकलो, निदान फोन तरी ठेवतो. पण कोण सध्या कसल्या काळजीत आहे, कुणाचं घर रिकामं झालंय, कुणाची नोकरी गेली, हे कळायला ते दुसरं वाक्य फार उपयोगी पडेल असं मला वाटतं.

सहा. ज्या पुस्तकाबद्दल वाक्य लिहिलं, त्याची एक प्रत शक्य असेल तर शाळेच्या कपाटासाठी द्यायची. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. कपाटं अजून आहेत. कुलूपही तेच आहे. त्यांनी एक अट घातली आहे आणि ती मला मान्य आहे: नुसती पुस्तकं पाठवायची नाहीत, वर्षातून एकदा आपल्यापैकी कुणीतरी येऊन सातवी-आठवीच्या मुलांना तासभर वाचून दाखवायचं. पुस्तकांचे गठ्ठे शाळेला पुष्कळ मिळतात, वाचून दाखवणारी माणसं मिळत नाहीत, असं ते म्हणाले.

कुणी म्हणेल, १ जानेवारी हुकली तर? मराठी माणसाला वर्ष सुरू करायच्या संधी कमी नाहीत. १ जानेवारी आहे. ती चुकली तर मराठी भाषा गौरव दिन आहे, २७ फेब्रुवारी. मग गुढीपाडवा. तोही गेला तर जून. आपल्या सगळ्यांच्या अंगात अजूनही खरं नवीन वर्ष जूनमध्येच सुरू होतं. पहिला पाऊस आला की कोऱ्या वहीचा वास आठवतो. जूनही हुकला तर दिवाळीतला पाडवा आहेच. पाच संधी झाल्या. पाचही हुकल्या तर त्याला मी दोष देणार नाही, पण दोन वाक्यं मात्र मागणार.

आमचं पुढच्या वर्षाचं पहिलं पुस्तक ठरलंय. या वेळी निवड माझ्या मुलानं केली आहे. श्री. ना. पेंडशांचं ‘गारंबीचा बापू’. त्याला मुखपृष्ठ आवडलं, एवढंच कारण त्यानं दिलं. आईनं ते तीनदा वाचलेलं आहे, पण त्याला तिनं तसं सांगितलेलं नाही. मलाही ताकीद आहे. तुम्हीही कृपा करून सांगू नका, तो जेवायला इथेच येणार आहे.

आणि माझं पहिलं दुसरं वाक्य मी आत्ताच देऊन टाकते. ‘बनगरवाडी’ मला आमच्या सरांना द्यावंसं वाटतं. सर, त्यातल्या मास्तरच्या शाळेचं पुढं काय होतं ते तुम्हाला बहुधा ठाऊक असेल. तुमच्या शाळेचं काय झालं, ते हे समोर बसलंय.

पंधरा मिनिटं झाली. जेवण गार होतंय.